कर्जतचं रान : प्रस्तावना

१

कर्जत आणि जंगल हे दोन शब्द एकत्र आले, की बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे रायगड जिल्ह्यातलं कर्जत उभं राहतं. माथेरानचा पायथा, पावसाळ्यातले धबधबे, भीमाशंकरकडे चढत जाणारी दाट झाडी. या पुस्तकातलं कर्जत ते नव्हे. हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं कर्जत आहे. संत गोदड महाराजांचं, राशीनच्या देवीचं, सिद्धटेकच्या गणपतीचं. तिकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. इकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला आणि तोही वेळेवर झाला, तर वर्ष चांगलं गेलं म्हणतात.

तरीही ही दोन कर्जतं एका पाण्यानं जोडलेली आहेत. भीमाशंकरच्या ज्या रानाचा पश्चिमेचा उतार रायगडच्या कर्जताकडे उतरतो, त्याच रानात भीमा उगवते आणि पूर्वेला वाहत येऊन सिद्धटेकजवळ आमच्या तालुक्याला वळसा घालते. कुकडीच्या कालव्यातून आमच्या शेतांत येणारं पाणीही सह्याद्रीच्या माथ्यावरचंच. वरचं जंगल राखलं पाहिजे हे आम्हा माळावरच्या लोकांना सहज पटतं, कारण त्या जंगलाचं पाणी आम्ही पितो. आमच्याच माळालाही राखायची गरज आहे, हे मात्र आम्हाला पटायला फार उशीर लागला. हे पुस्तक त्या उशिराबद्दल आहे, आणि उशिरा का होईना, जे सावरलं गेलं त्याबद्दलही.

आमच्या बोलीत 'रान' या शब्दाचे दोन अर्थ होतात. भाकरी बांधून माणूस सकाळी रानात जातो, तेव्हा तो शेतात गेलेला असतो. मेंढरं रानात आहेत म्हणतात, तेव्हा ती माळावर किंवा ओढ्याकाठच्या बाभळींत असतात. पेरलेलं ते रान आणि न पेरलेलं तेही रान. 'जंगल' हा शब्द इथे क्वचितच कानावर येतो. वनखात्याच्या जमिनीला लोक सरळ 'फॉरेस्ट' म्हणतात. आणि महसुलाच्या कागदात याच जमिनींपुढे बहुधा 'पड' किंवा 'पडीक' असा शेरा असतो. रान हे सगळ्यांचं होतं. फॉरेस्ट सरकारचं झालं. पडीक म्हटल्यावर ते कुणाचंच उरलं नाही. गेल्या दोनशे वर्षांत कर्जतच्या रानाचं काय झालं हे थोडक्यात सांगायचं, तर एवढे तीन शब्द पुरेत.

माझं म्हणणं पहिल्याच पानावर मांडतो. कर्जतचं जंगल गवताचं आहे. त्यात झाडं आहेत, पण ती विरळ आणि काटेरी: हिवर, बाभूळ, बोर, हिंगणबेट, नेपती, आणि उघड्या मुरमावर पिवळी फुलणारी तरवड. झाडांची दाटी म्हणजेच जंगल असं मानल्यामुळे आपण हे रान आधी गमावलं. पुढे ते परत आणायला निघालो, तेव्हाही त्याच समजुतीपायी पुष्कळ ठिकाणी वाट चुकलो. जिथे ते खरोखर परतलं, तिथे ते गवताच्या वाटेनं परतलं.

२

माळ हा कधीकाळच्या मोठ्या अरण्याचा उरलेला अवशेष आहे, झाडं तुटली म्हणून गवत माजलं, असं अनेक जण मानतात. मीही बरीच वर्षं तसंच मानत होतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या पट्ट्याबद्दल ते खरं नाही. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या अभ्यासकांनी जुन्या मराठी रचना, संतचरित्रं, ओव्या आणि लोकगीतं यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ साली दाखवून दिलं, की पश्चिम महाराष्ट्राचा हा प्रदेश निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही असाच मोकळा, गवताळ आणि काटेरी होता. ज्या काळात इंग्रजांच्या वनखात्याचा शिक्का नव्हता आणि रेल्वेही नव्हती, त्या काळातही इथे बाभूळ आणि गवत नांदत होतं. आपल्याच भाषेच्या जुन्या पोथ्यांनी आपल्या माळाच्या बाजूनं साक्ष द्यावी, याचा मला विशेष आनंद आहे.

माळाला ओसाड म्हणणाऱ्यानं एकदा श्रावणात इथे यावं. मुरमावर पोपटी लव चढलेली असते. आश्विनात गवत कमरेला लागतं, त्याला सोनेरी झाक येते आणि वाऱ्याबरोबर सगळा माळ हलतो. मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी अशी एकेका गवताची नावं आमच्या म्हाताऱ्यांना पाठ असत. कोणतं गवत दुभत्या जनावराला द्यायचं आणि कोणतं वाळवून गंजीला लावायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक असे. चंडोल जमिनीवरून उठून गात गात वर चढतो. धाविक मुरमाच्या रंगात मिसळून पळतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले भोवत्या ससाणे गवतावरून तरंगत जातात आणि संध्याकाळी माळावरच रात्रीचा आसरा घेतात. खोकड, लांडगा, घोरपड, ससा, चिंकारा आणि काळवीट या सगळ्यांचं घर हेच.

गवताचं काम मात्र बहुतेक जमिनीखाली चालतं. मारवेल किंवा पवन्यासारख्या बारमाही गवताचं मुळांचं जाळं माती घट्ट धरून ठेवतं आणि पावसाचं पाणी मुरवतं. वणवा लागला, उन्हाळ्यात पातं वाळलं, तरी खालचा जीव शाबूत राहतो आणि पहिल्या सरीला फुटून वर येतो. आमच्याकडे पाऊस पडतो तेव्हा तो तास-दोन तासांत कोसळून जातो. अशा पावसात उघडा मुरूम वाहून जातो आणि गवताळ माळ ते पाणी विहिरींसाठी ठेवून घेतो. माळ गेला की विहीर आटते, हे गणित कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

या गवतावर एक राज्यही उभं राहिलं. भीमेच्या दोन्ही थडींची तट्टं 'भीमथडी' म्हणून प्रसिद्ध होती. अंगानं लहान, पायानं काटक आणि खायला कमी. मराठ्यांच्या घोडदळानं जी मजल मारली, तिच्यामागे हा चारा होता. म्हणूनच त्या काळी कुरणं राखीव ठेवली जात, त्यांच्यावर राखणदार नेमले जात आणि गवत कापून पागांना पुरवलं जाई. कुरण ही तेव्हा दौलत होती. त्याला पडीक म्हणणं कुणाला सुचलं नसतं.

३

मग हे रान गेलं कसं? एका दिवसात गेलं नाही आणि एका माणसानंही घालवलं नाही.

१८३०च्या दशकात मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीनमोजणी आणि साराआकारणीची नवी पद्धत सुरू केली, ती भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यापासून. सारा बेताचा ठेवायचा आणि जास्तीत जास्त पड जमीन नांगराखाली आणायची, हे त्यामागचं धोरण. शेतकऱ्याला त्यातून दिलासाही मिळाला, हे नाकारून चालणार नाही. पण त्या दिवसापासून न नांगरलेली जमीन म्हणजे बुडालेला महसूल, ही नजर रुळली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले आणि नांगर आणखी पुढे सरकला. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र अंगावर राहिलं. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळणारे जे दंगे झाले, त्यांची झळ कर्जत भागालाही लागली. लगेच १८७६ ते ७८चा दुष्काळ आला.

त्याच वर्षांत दोन गोष्टी घडल्या. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि लाकडाला, कोळशाला नवी बाजारपेठ मिळाली. आणि त्याच १८७८ साली वनकायदा आला. त्यानं रानाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले आणि गावाच्या वहिवाटीला परवानगीच्या चौकटीत बसवलं. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या खात्याविरुद्ध उठवलेला आवाज आजही वाचण्याजोगा आहे. डोंगर, दऱ्या आणि गायरानं खात्यानं गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. जंगल राखण्याच्या नावाखाली रानाचं आणि रयतेचं नातं तोडलं जात आहे, हे त्यांनी आपल्या सगळ्यांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. नातं तुटलं की राखण सुटते. आपलं होतं तोवर गाव ज्या रानावर नजर ठेवी, ते सरकारचं झाल्यावर रात्री तिथे कुऱ्हाड चालवायला मन कचरेनासं झालं.

स्वातंत्र्यानंतर जमिनीवरचा भार वाढला. भूमिहीनांना देण्यासाठी, शाळा आणि वसाहतींसाठी, कधी नुसत्या अतिक्रमणानं गायरानं तुटत गेली. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांच्या आठवणीतला माळ म्हणजे खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा आणि चाऱ्यावाचून टाचा घासणारी जनावरं. त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, पाझर तलाव झाले, अवर्षणप्रवण क्षेत्राचा कार्यक्रम आला. पुढे कुकडीचं पाणी पोहोचलं, ऊस आला, फळबागा आल्या. पूर्वी जो मुरूम बैलाच्या नांगराला दाद देत नसे, तो जेसीबीनं चार दिवसांत सपाट होऊ लागला. पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू ज्वारीवर जगलेल्या माणसानं पाणी आल्यावर माळ फोडला, यात त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण त्या नांगरटीत काय गेलं, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी होती. ती ठेवली गेली नाही.

जे गवत उरलं, त्यावर चराईचा ताण पडला. हे बिघडणं पायरीपायरीनं होतं. सतत चरलेल्या माळावरून आधी मारवेल आणि पवन्या जातात, कारण जनावर गोड गवत पहिल्यांदा खातं. त्यांच्या जागी कुसळी येते. तिची कुसळं मेंढीच्या लोकरीत अडकतात आणि तोंडाला टोचतात. कुसळीही गेली की उघडा मुरूम. अशा माळाकडे बोट दाखवून लोक म्हणतात, इथे पहिल्यापासून काही नव्हतंच.

४

सावरण्याची गोष्ट दोन अभयारण्यांची आहे. ती शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागते.

१९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा हे नगरचे तालुके होते. गावं, शेतं, बाजारपेठा, रस्ते, सगळं अभयारण्यात. दुसऱ्याच वर्षी, १९८० मध्ये, कर्जतपासून जवळच रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर. पहिल्याच्या मानानं कागदावरचा एक ठिपका.

आज निकाल असा आहे. माळढोक आमच्या माळांवरून गेला. त्याच अभयारण्यातल्या नान्नजच्या परिसरात त्याचं दर्शनही दुर्मिळ झालं आहे, आणि देशभरात जेमतेम दीडशेच्या आसपास पक्षी उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. त्याच्या अभयारण्याचं क्षेत्र पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आलं. रेहेकुरीत मात्र सुरुवातीला बोटांवर मोजावेत इतके काळवीट होते, ते वाढत वाढत शेकड्यांत गेले. आता कळप अभयारण्याची हद्द ओलांडून आजूबाजूच्या गावांच्या शिवारात फिरतात.

असं का झालं, याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. काळवीट शेताच्या कडेनं जगू शकतो, हरभऱ्यात आणि ज्वारीत शिरून पोट भरू शकतो. माळढोकाला अंडं घालण्यासाठी शांत, अखंड, विस्तीर्ण गवत लागतं. त्याची मादी बहुधा एका वेळी एकच अंडं उघड्या जमिनीवर घालते आणि एका कुत्र्यानंही तिचं वर्ष वाया जातं. पण दुसरं कारण माणसांच्या हातातलं होतं. मोठ्या अभयारण्यानं लाखो लोकांच्या जमिनीच्या व्यवहारांवर सावली टाकली, त्यांच्याशी मोकळं बोलणं झालं नाही आणि माळढोक हा लोकांच्या मनात अडचणीचं दुसरं नाव होऊन बसला. लहान अभयारण्यात रोजचं साधं काम झालं. राखण, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा, पाणवठे, गवताला मिळालेली उसंत. एखाद्या तुकड्याला खरोखर राखलं तर तो जीव धरतो, एवढं रेहेकुरीनं सिद्ध केलं. केवळ घोषणेनं पक्षी वाचत नाही, हे माळढोकानं शिकवलं.

हाच धडा जिल्ह्यानं गावपातळीवरही दिला. पारनेर तालुक्यातलं राळेगण सिद्धी आणि नगर तालुक्यातलं हिवरे बाजार यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. तिथल्या गावकऱ्यांनी सलग समतल चर खोदले, झाडं लावली. पण माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा निर्णय होता कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. जनावर माळावर सोडायचं नाही, गवत विळ्यानं कापून घरी न्यायचं. एवढ्यानं गवत परतलं. गवतानं पाणी धरलं, आणि चारा वाढला तसं दूध वाढलं. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत पाणलोट विकासाच्या कामानंही हीच गोष्ट दाखवली. राखलेल्या माळावर आधी कुसळी परतते, मग शेडा आणि मारवेल, आणि काही वर्षांनी पवन्या. ज्या पायऱ्या आपण उतरलो, त्याच पायऱ्यांनी रान पुन्हा वर चढतं.

हे पाहिल्यावर काही प्रयत्नांबद्दल स्पष्ट बोलणं भाग आहे. देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वनं असावीत, असं १९५२ आणि १९८८च्या राष्ट्रीय वननीतीत म्हटलं आहे. वनाच्छादन मोजताना एक हेक्टरहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या शेंड्यांची किमान १० टक्के सावली आहे का, एवढं पाहतात. या मोजमापात आमचा निरोगी माळ बसत नाही. मग आकडा वाढवण्यासाठी माळावरच खड्डे पडतात. दशकानुदशकं सोलापूर-नगरच्या माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ अशी परकी झाडं ओळीनं लावली गेली. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. त्यामागची तळमळ खरी होती. लोकांनी मनापासून हातभार लावला. पण जिथे गवत हेच मूळ रान आहे, तिथे दाट रोपवन म्हणजे घर मोडून त्याच जागी दुसऱ्याचं घर बांधणं. काळविटाला दूरवरचा धोका दिसायला मोकळी नजर लागते. चंडोलाला झाडांच्या रांगेत घरटं करता येत नाही. विलायती बाभूळ, जिला लोक वेडी बाभूळ म्हणतात, तिच्या शेंगा काळवीटच खातात आणि बी माळभर पसरवतात. ती एकदा शिरली की तिला हटवणं खर्चाचं आणि कष्टाचं काम.

झाडं लावूच नयेत, असं मी म्हणत नाही. कर्जत शहरात नागरिकांनी सकाळचं श्रमदान सुरू केलं, रस्त्यांच्या कडा आणि मोकळ्या जागा झाडांनी भरल्या, 'माझी वसुंधरा' अभियानात आपल्या नगरपंचायतीची दखल घ्यायला लावली. त्या कामाचा मला अभिमान वाटतो. गावात सावली हवी, ओढ्याकाठी करंज, बाभूळ आणि निंब हवेत, बांधावर बोर हवी. माळावर मात्र माळच हवा. जागा पाहून हात घालावा, एवढंच माझं मागणं.

५

या रानात माणसं पहिल्यापासून आहेत. त्यांना वगळून लिहिलेली माळाची कोणतीही गोष्ट अर्धी राहील.

धनगर मेंढपाळ पावसाच्या मागोमाग कळप घेऊन फिरत आले. त्यांची मेंढरं शेतात बसवली की शेतकऱ्याला खत मिळे आणि पुढे सरकली की माळाला उसंत मिळे. लांडगा कळपातून एखादं कोकरू नेतो, हे धरूनच ते जगत आले. मेंढपाळांच्या तोंडी लांडग्याबद्दल जो समजूतदारपणा मी ऐकला, तो शहरातल्या सभांत क्वचित आढळला. चराईबंदी आली की तिची पहिली झळ यांनाच लागते, कारण त्यांच्याकडे गवत कापून आणायला ना गोठा असतो ना बांध. म्हणून कोणता तुकडा कोणत्या वर्षी बंद ठेवायचा आणि कोणता मोकळा, हे ठरवताना मेंढपाळ बैठकीत हजर असायला हवा. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. ते आपल्या तालुक्यात साजरं व्हायचं असेल, तर सुरुवात या बैठकीपासून व्हावी.

फासेपारधी समाजाची गोष्ट अधिक वेदनेची आहे. हरणाची वाट, तितराची बोली आणि गवताची नस त्यांच्याइतकी कुणाला कळत नव्हती. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायद्यातून पुसला गेला, मनांतून अजून पुसलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, ती व्हायलाच हवी होती. पण ज्यांच्या हातातला फास काढून घेतला, त्यांच्या हातात दुसरं काय दिलं, हा प्रश्न तसाच राहिला. माळ राखण्याच्या कामात त्यांच्या ज्ञानाला मानाची जागा मिळाली, तर एक जुनं ऋण थोडंफार फिटेल.

आणि शेतकरी. काळविटांचा कळप रात्रीतून कोवळा हरभरा खुडून जातो, तेव्हा ज्याचं पीक गेलं त्याला रानाचं महत्त्व सांगायला मी कोणत्या तोंडानं जावं? नुकसानभरपाईची सोय आहे, पण पंचनामा वेळेवर झाला आणि पैसे हंगामाच्या आत हातात पडले तरच तिला अर्थ आहे. २१७ हेक्टरमध्ये वाढलेला कळप मावणार नाही, हे उघड आहे. रेहेकुरीच्या भोवतीचे गायरानांचे आणि वनजमिनीचे तुकडे एकमेकांना जोडून गवत वाढवलं, उघड्या विहिरींना कठडे बांधले, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त केला, तर शेतावरचा भारही हलका होईल. अमेरिकेनं १९३०च्या दशकात आपली गवताळ मैदानं नांगरून धुळीची वादळं ओढवून घेतली आणि नंतर गवत परत लावण्यासाठी वर्षानुवर्षं खर्च केला. आपल्याला तो फेरा टाळता येईल.

आता पुस्तकाच्या रचनेबद्दल. पहिल्या भागात माळाची ओळख आहे: माती, पाऊस, गवतं, झाडं, पक्षी आणि प्राणी, सगळी इथल्या नावांनी. दुसऱ्या भागात ऱ्हासाचा इतिहास आहे, महसुलापासून कालव्यापर्यंत. तिसऱ्या भागात रेहेकुरी, नान्नज आणि जिल्ह्यातल्या गावांनी केलेले प्रयोग आहेत, त्यांच्या यशासह आणि चुकांसह. चौथा भाग माणसांचा आहे. वाचकानं क्रमानं वाचावं असा आग्रह नाही, पण पहिला भाग टाळू नये. ज्याचं नाव ठाऊक नाही, ते गेलं तरी कळत नाही.

हे लिहिताना ज्यांनी वाट दाखवली, ते बहुतेक जण पुस्तकं लिहिणारे नव्हते. उन्हाळ्यात पाणवठ्यावर टँकरची वाट पाहत बसणारे वनमजूर, रात्री जाळरेषेवर गस्त घालणारे वनरक्षक, वाड्यावर चहा पाजून गवताची नावं सांगणारे मेंढपाळ, गंजीची उंची पाहून सालाचा अंदाज बांधणाऱ्या म्हाताऱ्या आया. या पानांत जे खरं आहे ते त्यांचं आहे. चुका माझ्या.

वाचकांना शेवटी एक विनंती. हे पुस्तक मिटल्यावर आपल्या गावच्या गायरानात एकदा पायी जाऊन या. सातबारावर त्याचं क्षेत्र किती आणि जाग्यावर किती, हे तलाठ्याकडून समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवून त्या गावाला परत देण्याचे आदेश दिले आहेत. तुमच्या ग्रामसभेत तो विषय कधी निघाला होता का, विचारा. निघाला नसेल तर तुम्ही काढा. आणि त्या गायरानाचा एक तुकडा, फक्त एक, तीन पावसाळे गावानं मिळून राखून बघा. खड्डे खणू नका, रोपं आणू नका. त्याला उसंत द्या आणि दर आश्विनात तिथे कोणतं गवत आलं, ते शाळेतल्या मुलांना लिहून ठेवायला सांगा. कर्जतच्या रानाच्या इतिहासाचं पुढचं पान त्या वहीत लिहिलं जाईल.